पट्टी लावून खोडलेलं

शनिवार, रात्र

नववी ‘ब’चे इंग्रजीचे पेपर आज संपवले. बेरजा झाल्या, गुण वरच्या कोपऱ्यात लिहून झाले, गठ्ठ्याला दोरी बांधली. एक पेपर मात्र आत घालवत नाहीये. दुपारपासून तो टेबलावर वेगळा पडलाय आणि मी येता-जाता उघडून बघतेय.

प्रश्न नेहमीचाच. डायरी एंट्री, पाच गुण, शंभर शब्द. तारीख, वार, वेळ, ‘डिअर डायरी’, शेवटी नाव. विषय होता सुट्टीतला एक दिवस. त्या मुलानं आधी आठ ओळी लिहिल्या आणि मग त्या खोडल्या. रागानं गिरगटा केलेला नाही. पट्टी लावून, एकेका ओळीच्या बरोबर मधून, निळ्या पेनानं सरळ रेघ मारलीय. शेवटची ओळ अर्धवट आहे, तर रेघही तिथेच थांबलीय. खाली थोडी जागा सोडून दुसरं उत्तर. घरच्यांबरोबर थंड हवेच्या ठिकाणी गेलो, निसर्ग फार सुंदर होता, सूर्यास्त पाहिला, हा दिवस मी कधीच विसरणार नाही. गाईडमधलं आहे. वर्गातल्या अर्ध्याअधिक पेपरांत हेच आहे, काहींत तर स्वल्पविरामांसकट.

खोडलेलं तपासायचं नाही, हा नियम. खालच्या उत्तराला मी साडेतीन दिले. त्यात चुका नाहीत.

रेघेखालची अक्षरं सगळी वाचता येतात. त्याच्या घरी काजूची भट्टी आहे. सुट्टीत पहाटे उठून, टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन तो काजूखाली पडलेले बोंडू टोचून गोळा करतो. बी पिरगळून वेगळी काढायची, बोंडू तुडवायला द्यायचे. रात्री आजी भट्टीपाशी बसते. जाळ मोठा झाला तर सगळं करपतं, कमी झाला तर काही उतरतच नाही. म्हणून ती हलत नाही. मडक्यात वाफ गार व्हावी म्हणून वरून पाणी ओतत राहायचं, ते काम त्याचं. मध्येच एक वाक्य आहे, त्याच्याच इंग्रजीत लिहून ठेवते: ‘द फायर इज नॉट स्लीपिंग, सो माय ग्रॅन्डमदर इज नॉट स्लीपिंग.’ त्यापुढे आहे ते शर्टाचं. एप्रिलमध्ये शाळेत येताना शर्टाला उराकाचा, भट्टीतून पहिल्यांदा उतरणाऱ्या काजूच्या दारूचा, वास येतो. धुतला तरी जात नाही. म्हणून तो खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर बसतो, म्हणजे वाऱ्यानं वास... आणि इथे ओळ तुटते.

तो शेवटच्या बाकावर बसतो हे मला माहीत आहे. का बसतो हे आज कळलं.

2025 पासून आपल्याकडे गोव्यात शाळा एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागली. तेव्हा वर्तमानपत्रांत उकाड्यावर चर्चा झाली, पंख्यांवर झाली, पाण्यावर झाली. पण सत्तरी तालुक्यात एप्रिल म्हणजे काजूचा भर. रात्रभर भट्टीवर पाणी ओतून सकाळच्या कदंब बसने शाळेत येणारी मुलं माझ्याच वर्गात असणार, हे माझ्याही मनात आलं नव्हतं. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पर्वरीच्या की पणजीच्या कुठल्याशा कार्यक्रमात पाहुण्यांना ती छोट्या पेल्यांतून देताना मी बघितलीय, केवढ्या अभिमानानं. आणि ती जिथे उतरते त्या घरातला पोरगा खिडकी शोधत बसतो.

पण मला छळतंय ते हे नाही. मला छळतंय ते खोडणं.

का खोडलं असेल? लाज वाटली म्हणून? पेपर टीचर वाचणार, त्यात भट्टी, उराक हे शब्द बरे दिसणार नाहीत म्हणून? की इंग्रजी चुकतंय असं वाटलं म्हणून? तसं असेल तर मला जास्त लागेल. त्या आठ ओळींत काळाच्या चुका आहेत, मान्य. नियमाप्रमाणे ‘डझन्ट स्लीप’ हवं. लाल पेन सवयीनं तिथे गेलंही होतं. पण ‘डझन्ट स्लीप’ लिहिलं की ती आजी रोजच जागी असणारी कुणीतरी होते. त्याच्या वाक्यात ती आत्ता, ह्या क्षणाला जागी आहे. त्याच्यामागे जाळ दिसतो. इतकी वर्षं मी वर्गात काळ शिकवतेय, पण चालू वर्तमानकाळ म्हणजे काय, ते मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

आणि त्यानं ते पट्टी लावून खोडलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला होता. तिला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, अगं, पोराला पास व्हायचंय, तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस. खरं आहे. पण मग मी तिथे कशाला आहे? डिचोलीहून रोजची बस, पावसात भिजलेली साडी अंगावरच वाळवत घेतलेला पहिला तास, घरी आणलेले गठ्ठे. गाईडमधलंच उतरवायचं असेल तर त्यासाठी मी लागत नाही. निकाल लागला की टक्के विचारतात. इंग्रजीत किती नापास, एवढाच प्रश्न. एखाद्या पोरानं एक खरं वाक्य लिहिलं का, असं मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. ना हेडसरांनी, ना पालकांनी, ना बदलीच्या वेळी त्या दोघांनी. तो विषय आज नको.

मी स्वतःही लिहायचे. तोही नको.

ह्या मुलांचं इंग्रजी कुठून येतं ते मला आतून माहीत आहे, कारण माझंही तिथूनच आलं. गावातल्या सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत, आणि पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, डोकं दुखतंय म्हणून घरी जाऊ का, हेसुद्धा इंग्रजीत विचारायचं. गोव्यात माध्यमाचा वाद काढला की दोन सख्खे भाऊ भांडतात. 1990 साली मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचं ठरलं, 2011 साली इंग्रजीलाही दार उघडलं, दोन्ही वेळा लोक रस्त्यावर आले. मला त्यात पडायचं नाही. मला एवढंच आठवतं की पाचवीच्या पहिल्या काही महिन्यांत मी बोलणंच सोडलं होतं. चूक होण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. मग कधीतरी निबंधाचं पुस्तक हाती आलं आणि सुटका झाल्यासारखी वाटली. तयार वाक्यं मिळाली. त्यांत मी नव्हते, पण चुकाही नव्हत्या. तेव्हा मला कुणी म्हटलं असतं की तुझ्या मोडक्या वाक्यात तू दिसतेस, तर मी विश्वास ठेवला असता का? बाबा रात्री बाकीबाब बोरकरांच्या कविता म्हणायचे, ओसरीवर, दिवे गेले की. ते ऐकून अंगावर काटा यायचा. पण त्या कवितांचा आणि शाळेतल्या इंग्रजीच्या वहीचा एकमेकींशी काही संबंध असू शकतो, हे समजायला मला एम. ए.पर्यंत जावं लागलं.

आता आठवतंय. जूनमध्ये मी त्या वर्गाला वर्डस्वर्थची डॅफोडिल्सची कविता वाचून दाखवली होती, पुस्तकाबाहेरची. फुलं कुणी पाहिलेली नाहीत, मीही नाही, म्हणून फोनवर चित्र दाखवलं. मग गोष्ट सांगितली. 15 एप्रिल 1802 ला तो आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर तळ्याच्या काठानं चालले होते, सोसाट्याचा वारा होता. त्या दिवशीचं सगळं डोरोथीनं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं. दगडांवर मान टेकून दमल्यासारखी पडलेली फुलं, बाकीची वाऱ्यात नाचणारी. तिनं ते छापायला लिहिलं नव्हतं. त्याची कविता नंतरची, 1807 साली छापली गेली. त्यातल्या सगळ्यांत गाजलेल्या दोन ओळी, एकांतातल्या सुखाच्या, त्याच्या बायकोनं सुचवलेल्या. हे त्यानंच सांगून ठेवलंय. आणि कविता सुरू होते ती ‘मी एकटाच भटकत होतो’ म्हणून.

तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला होता, “मागीर तो एकटो खंय आशिल्लो, टीचर?”

वर्ग हसला. मी नाही हसले. मी म्हटलं, हा फार चांगला प्रश्न आहे, आणि कवी बरोबरच्या माणसांना का गाळतो ह्यावर आम्ही तास संपेपर्यंत बोललो. एका मुलीचं म्हणणं, बहीण असली तरी मनात माणूस एकटाच असतो. दुसरीचं म्हणणं, बहिणीचं नाव घालायला काय झालं होतं. तो पुढे काही बोलला नाही. पण त्या दिवशी तासावरून बाहेर पडताना मला फार बरं वाटलं होतं, ते बरं वाटणं चार दिवस पुरलं.

तोच मुलगा. म्हणजे त्याला कळतं. कोण खरं लिहितो, कोण काय गाळतो, हे त्याला माझ्याआधी कळतं. आणि तरी त्यानं आजीला गाळून त्या डोंगरावरचा सूर्यास्त ठेवला. कळत असून खोडलं, ह्याचा त्रास जास्त होतोय. न कळणाऱ्यानं खोडलं असतं तर मी आतापर्यंत झोपले असते.

एकदा वाटतं, साडेतीनचे पाच करावेत. पण ते कशाचे? खालच्या उत्तराचे पाच होत नाहीत आणि वरच्याचे मला देता येत नाहीत. बाकीच्या मुलांवरही अन्याय. नाही करणार.

एकदा वाटतं, त्यानं खोडलं तो त्याचा हक्कच आहे. मी वाचलं तीच आगाऊपणाची गोष्ट. पण नीट वाचता येईल असं खोडलंय त्यानं. वाचू नये असं वाटणारा माणूस गिरगटतो.

पाऊस थांबलाय. विचारावं का त्याला? आणि विचारलं आणि तो लाजेनं मान खाली घालून उभा राहिला, तर मग पुढे मी काय बोलू?

सोमवार

विचारलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात सापडला, हातात अर्धा वडापाव. पेपर दाखवला. आधी त्याला वाटलं गुण कमी झाले.

मी म्हटलं, हे वरचं वाचलं मी. आवडलं. का खोडलंस?

तो पेपराकडे बघत राहिला. मग म्हणाला, “शंबर उतरां म्हळां न्हय, टीचर. म्हजें सोंपनासलें.”

एवढंच. लाज नाही, भीती नाही, माझ्या दोन रात्रींचं काहीच नाही. आठ ओळी झाल्या, शब्द मोजले, अजून आजी जागीच होती, भट्टी पेटलेलीच होती, शर्टाचं तर आत्ताच सुरू झालेलं. शंभरात बसणार नाही हे बघितलं आणि बसणारं लिहिलं. घंटा व्हायला वेळ कमी होता म्हणून. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले, ते त्याला दिसू नये म्हणून मी पेपराची घडी घालत बसले.

वासाचं मी काही काढलं नाही. ते त्यानं कागदाला सांगितलंय, मला तोंडावर नाही.

म्हटलं, उरलेलं वहीच्या मागच्या पानांवर लिही. संपेल तेव्हा संपू दे. त्यानं विचारलं, किती मार्कांना. म्हटलं, मार्क नाहीत, मला वाचायचंय. त्यानं जरा विचार केला. “चुकी काडटल्यात?” मी म्हटलं, तू म्हणशील तर काढीन, नाहीतर नाही. ह्यावर तो “बरें” म्हणाला आणि घंटा झाली म्हणून पळाला. लिहील की नाही, सांगता येत नाही. नववीतली मुलं. चवथ जवळ आलीय, घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीची कामं निघतील, वही दप्तराच्या तळाला जाईल. लिहिलं नाही तरी मी रागावणार नाही असं मनाशी ठरवलंय, आणि बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की ते ठरवणं फारसं जडही गेलं नाही. त्याच्याकडे सांगायला शंभर शब्दांपेक्षा जास्त आहे, हे त्याला स्वतःला ठाऊक आहे.

सहामाहीचा पेपर चवथीच्या आधी काढून द्यायचाय. डायरीचा प्रश्न ठेवतेय. शब्दमर्यादा पॅटर्नमध्ये आहे, ती काढता येणार नाही, हेडसर तेच म्हणतील. पण ‘शंभर शब्दांत’च्या जागी ‘किमान शंभर शब्द’ चालेल का, हे उद्या त्यांना विचारणार आहे. तपासायला वेळ जास्त लागेल. ते माझं मी बघेन.