रेड डेव्हिलला जाताय? आधी सामानाचं वजन करा

अलास्कातल्या नदीत रबरी होडी वल्हवून परतले त्याला चार दिवस झाले, खांदे अजून ठणकताहेत. तरी लगेच लिहायला बसले, कारण हे निघण्यापूर्वी कुणी सांगितलं असतं तर आमचे पैसेही वाचले असते आणि दोन दिवसही.

रेड डेव्हिल हे छोटं गाव अलास्कात, कुस्कोक्विम नदीच्या काठी, अँकरेजपासून पश्चिमेला सुमारे 400 किलोमीटरवर. रस्ता नाही. इथली पाऱ्याची खाण 1933 ते 1971 अशी अधूनमधून चालली आणि तिने सुमारे 35,000 फ्लास्क पारा दिला. एक फ्लास्क म्हणजे साडेचौतीस किलो. नदीनं आणखी खाली गेलं की क्रूकेड क्रीक गाव, आणि त्याच्या उत्तरेला डॉनलिन नावाचा सोन्याचा साठा. तिथल्या ओढ्यांत 1909 मध्येच सोनं सापडलं होतं.

आमचे आजोबा वैद्य. हिंगूळ (पाऱ्याचं खनिज), मनशीळ आणि हरताळ (आर्सेनिकची), सुरमा (अँटिमनीचं) ही नावं लहानपणापासून कानावर. ही चारही खनिजं एकाच खाणीत निघत होती हे वाचलं आणि मी मावसभावाला फोन केला. जुन्या वर्णनात पारा काढायची भट्टी अजून उभी असल्याचं लिहिलं होतं. ते विसरा. इमारती कधीच्या पाडून पुरल्या आहेत. 2014 मध्ये टाकाऊ मालाचे ढीग ओढ्यापासून मागे ओढून ओढ्याचं पात्रही बदललं. खाण बघायला म्हणून जाऊ नका, बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता विमान. अँकरेज ते अ‍ॅनियॅक ठीक. तिथून रेड डेव्हिलच्या वरच्या अंगाला असलेल्या स्लीटम्यूट गावाला नेणाऱ्या छोट्या विमानाचं भाडं फोनवर एक ठरलं होतं. धावपट्टीवर आम्हालाही काट्यावर उभं केलं, मग रबरी होडी, मग वल्ही, आणि ठरलेल्या भाड्याच्या निम्मी रक्कम वर मागितली. वाद घालून उपयोग नाही, पुढचं विमान कधी येईल ते कुणी सांगत नाही. माणसांसकट एकूण वजन कळवा आणि दर लेखी मागून घ्या. स्टोव्हचं इंधन प्रवासी विमानात चालत नाही. गावात तुमच्या स्टोव्हला लागणारा इंधनाचा डबा मिळेलच असं धरू नका. चुलीवर शिजवायची तयारी ठेवा.

स्लीटम्यूट ते रेड डेव्हिल मजेत झालं. पुढे जॉर्जटाउनपर्यंतचा पट्टा मात्र जीव काढतो. नदी रुंद, संथ, आणि दुपारी समोरून वारा. वल्हं थांबवलं की होडी उलटी वर सरकायची. सहा तास वल्हवलं आणि सकाळचा डोंगर संध्याकाळी तिथेच! उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो, म्हणून जेवून रात्री निघा. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी सुचलं आणि त्या रात्री पाणी आरशासारखं होतं. त्या एका रात्रीसाठी मी पुन्हा जाईन.

रेड डेव्हिल ओढ्याच्या मुखाशी थांबू नका, तिथलं पाणी भरू नका. पारा, आर्सेनिक, अँटिमनी तिथल्या गाळात आहे आणि पाण्यात विरघळलेला धातू साध्या फिल्टरने निघत नाही. भावाने काठावरचा करडा दगड उचलला. मुठीएवढाच, पण हात खाली जाईल इतका जड. नखाने खरवडल्यावर शेंदरी भुकटी निघाली. "ताई, हिंगूळ!" मी तो तिथेच टाकायला लावला, हात साबणाने दोनदा धुवायला लावले. हौस म्हणूनही आणू नका.

नदीतले पाइक आणि बर्बट हे मोठे शिकारी मासे गरोदर बायकांनी आणि मुलांनी बेतानेच खावेत, त्यांच्यात पारा साठतो. सामनला ती भीती नाही, पण मासेमारीवर बंदी आहे का ते निघण्याआधी बघा. काठावरची बरीच जमीन द कुस्कोक्विम कॉर्पोरेशनची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची. तंबू ठोकायचा तर त्यांची परवानगी आधी घ्या. नदीचं पाणी गढूळ असतं. रात्रभर बादलीत निवळू द्या, नाहीतर फिल्टर दुसऱ्याच दिवशी तुंबतो. डासांसाठी डोक्यावरची जाळी प्रत्येकी दोन.

क्रूकेड क्रीकला ढगांमुळे दोन दिवस अडकलो, तेवढे दिवस हाताशी ठेवाच. परतीला पुन्हा काटा पुढे आला. या वेळी उरलेले तांदूळ, डाळ आणि दोरखंड गावातल्या एका आजींना आधीच देऊन टाकले होते.