मूठ कुणाची?

दुखण्यातून उठलेल्या माणसाकडून लोकांच्या फार अपेक्षा असतात. अँजिओप्लास्टी होऊन घरी आलो तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. आता काहीतरी थोर ऐकायला मिळणार, अशा तयारीनं. शेजारच्या काकांनी तर विचारलंच, "काय, बदलली का दृष्टी?" म्हटलं, "काका, स्टेंट घातलाय, दीक्षा नाही घेतली."

स्वभाव होता तसाच आहे. वीजबिल बघून तसाच भडकतो. फरक पडला तो भलतीकडेच. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे दाढी करताना जरा कुठं कापलं की रक्त थांबता थांबत नाही. मग तुरटी दाबून आरशासमोर उभं राहायचं. पूर्वी एवढ्या वेळात सगळी उजळणी झाली असती: वर्गातले कोण कोण पुण्याला गेले, कुणी फ्लॅट घेतला, आणि आपण सांगलीच्या गावभागातल्या त्याच तीन खोल्यांत. २००५ ला घरात पाणी शिरलं, २०१९ ला शिरलं. दोन्ही वेळा घर विकायचं अगदी पक्कं ठरलं होतं. आता यादी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या नावालाच कंटाळा येतो. याला वैराग्य म्हणू नये. हेवा करायलाही अंगात दम लागतो, तो तूर्त नाही. आणि परत यावा अशी फारशी इच्छाही नाही.

संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं चालतो. तिथं हळदीची पेवं होती, जमिनीखाली. हवा लागत नसल्यानं त्यांत हळद वर्षानुवर्षं बिनकिडीची राहायची. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. पुढं संगमेश्वराजवळ वारणा कृष्णेला मिळते. तिथं टेकायचं, धाप ओसरली की मागं फिरायचं.

मिठाचं पथ्य मात्र जड जातं. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. सांगलीत राहून भडंग नाही, हे कसं जमायचं? बायकोनं लसूण-कढीपत्ता घालून बिनमिठाचं केलं. "कसं झालंय?" म्हणाली. "भडंगाच्या चुलतभावासारखं," म्हटलं. वाटी समोरून उचलली गेली.

शेवटी तह झाला: रविवारी खरं भडंग, मूठभर. शनिवारपासूनच मला रविवारचे वेध लागतात. फक्त मूठ कुणाची, हे अजून ठरायचंय. ती तिच्या मुठीनं मोजते.