पहाटे तीनचा गडी

दुपारी खिडकीतून बघावं तर अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा बर्फ कापसासारखा निरुपद्रवी दिसतो. ड्राइव्हवे सहा मीटर रुंद, बारा मीटर लांब, आणि त्यावर पंधरा सेंटिमीटरचा थर. हिशेब केला की जवळजवळ अकरा घनमीटर भरतात. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलो धरला तरी दारात टनभर माल पडलेला असतो, आणि ओला असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. वर शहराचा नियम असा की बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत घरासमोरचा फुटपाथ मोकळा हवा. आपला बर्फाचा पूर्वानुभव म्हणजे जुन्या फ्रिजच्या फ्रीजरमध्ये साचायचा तो. तोही सुरीने खरवडायला गेलं की ओरडा बसायचा. तेवढ्या शिदोरीवर माणूस इथे येतो, दोन हिवाळे कंबर धरून फावडं मारतो आणि तिसऱ्या वर्षी गॅरेजमध्ये बर्फ ढकलणारा, पातं लावलेला रोबो जुळवायला बसतो.

रोबोकडून पहिली अपेक्षा ताकदीची असते. ती सोडून द्यावी. गाडी साठ किलोची, चाकं रबरी, दाबलेल्या बर्फावरचा घर्षणगुणक साधारण ०.२. म्हणजे जोर फार तर बारा किलोचा. मोटर कितीही दांडगी लावा, चाकं जागच्या जागी फिरत राहतात. साखळ्या बांधल्या की फरक पडतो, वजन वाढवलं की आणखी पडतो. त्यामुळे इथे लेड-ॲसिड बॅटरीला मी नाकं मुरडत नाही. बारा व्होल्टच्या दोन जोडल्या की वीसेक किलो वजन फुकटात मिळतं. उणे वीस अंशांत त्यांची ताकद निम्म्यावर येते आणि उतरलेली बॅटरी चक्क गोठते, हे खरं. पण लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. गॅरेज थंड असेल तर जुनी चाल बरी.

मोटरी जुन्या इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या घ्याव्यात, चोवीस व्होल्टच्या, गिअरबॉक्ससकट. त्यांना बहुधा दोन वायरी जास्तीच्या असतात. त्या ब्रेकच्या. त्यांना वीज दिली नाही तर चाक हलत नाही, आणि लोक चांगली मोटर जळाली म्हणून टाकून देतात.

पातं नव्वद सेंटिमीटरचं, तीस अंश तिरकं. सरळ लावलं तर पाच सेंटिमीटर बर्फसुद्धा बारा मीटरच्या शेवटी पुढ्यात चोपन्न किलोचा ढीग होऊन बसतो आणि गाडी मध्येच हात टेकते. तिरक्या पात्याने तो कडेला सांडत जातो. मात्र पट्टा अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचाच निघतो, म्हणून दोन्ही चाकं बाहेरून सत्तरच्या आत बसायला हवीत. पात्याची खालची कड जमिनीपासून सेंटिमीटरभर वर ठेवावी आणि पातं स्प्रिंगवर मागे झुकू द्यावं, नाहीतर काँक्रीटच्या सांध्यात अडकून वाकतं. बर्फ चिकटू नये म्हणून स्कीचं मेण चोळतात. फिरत्या मळसूत्राचा, बर्फ उडवणारा ब्लोअर माणसावाचून सोडायचा विचारही करू नये.

खरी गंमत रस्ता ओळखण्यात आहे. साधं जीपीएस दोन-तीन मीटर चुकतं, म्हणजे थेट शेजाऱ्याची पत्रपेटी. आरटीके जीपीएस घ्यायचं, म्हणजे जागच्या पक्क्या अँटेनाशी ताडून आपली चूक सुधारणारं; त्याचं मॉड्यूल झेड-ई-डी एफ-९-पी जातीचं. एक अँटेना छपरावर पक्की, दुसरी गाडीवर, की चूक दोनेक सेंटिमीटरवर येते. भिंतीजवळ सिग्नल आपटून येतात, पक्क्या ‘फिक्स’चा अंदाजी ‘फ्लोट’ होतो आणि चूक वितीवर जाते. त्या क्षणी गाडी थांबलीच पाहिजे, असं आधीच बजावून ठेवायचं. होकायंत्र लोखंडी पात्याने बावचळतं, म्हणून दिशा कळायला गाडीवरच दोन अँटेना. चाकं घसरतात, त्यामुळे चाकांच्या फेऱ्या मोजून काढलेलं अंतर खोटं. कॅमेऱ्याला सगळं पांढरं, लेसरने अंतर मोजणाऱ्या लायडारला प्रत्येक भुरभुर अडथळा. शेजारच्या सेंट पॉल शहराच्या विंटर कार्निव्हलमध्ये २०११ साली इन्स्टिट्यूट ऑफ नॅव्हिगेशनने विद्यार्थ्यांसाठी अशा गाड्यांची स्पर्धा सुरू केली. काम काय, तर इंग्रजी ‘आय’सारखा सरळ पट्टा साफ करायचा. ऐकायला पोरखेळ.

गाडी आपोआप चालवणारं आर्डूपायलटचं रोव्हर सॉफ्टवेअर फुकट आहे. पट्टे वीस सेंटिमीटर एकमेकांवर चढवायचे, वेग सेकंदाला अर्धा मीटर. दहा-अकरा पट्टे, वळणं धरून दहा-बारा मिनिटं. आणि दर पाच सेंटिमीटरला एक फेरी, मग रात्रीचे अकरा असोत की पहाटेचे तीन. अशक्त रोबोचा उपयोग एवढाच, की हा गडी कुरकुर न करता उठतो.

ड्राइव्हवेच्या तोंडाशी शहराचा रस्ता साफ करणारा बर्फनांगर टणक बर्फाचा बांध घालून जातो. त्यावर गाडी चढते आणि पोटावर लटकते. तिथे फावडंच. बंद करायचं लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर नको, त्याने थेट बॅटरी तुटली पाहिजे, आणि हातातल्या रिमोटचा रेडिओ अर्धा सेकंद गप्प झाला की वीज तोडणारा रिले आपोआप पडला पाहिजे. त्या बांधात पोरं दुपारी भुयारं खणून आत बसतात, आणि आत बसलेलं पोर कुठल्याच सेन्सरला दिसत नाही. नकाशावरची हद्द त्या बाजूने दोन मीटर आत घ्यावी. दिवसा दाराशी माणूस उभा नसेल तर गाडी सोडू नये.