अ‍ॅडमिरल व्हायला काय करावं लागतं?

फलटणला मी एनडीएच्या परीक्षेचे वर्ग घेतो. मुलाला पहिल्यांदा घेऊन आलेले पालक हमखास विचारतात, "सर, पोरगा अ‍ॅडमिरल व्हायचा तर काय करावं लागेल?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं, केरळात एझिमलाच्या नौदल अकादमीत एक वर्ष, मग सब-लेफ्टनंट, म्हणजे अधिकाऱ्याचा पहिला हुद्दा. कमांडरपर्यंतची बढती मुख्यतः सेवेच्या वर्षांवर मिळते. कॅप्टनपासून निवड होते आणि दर पायरीला माणसं गळत जातात. एवढं कुणीही सांगेल.

मला सांगायचंय ते मनोहर आवटींबद्दल. ते इथून जवळच, विंचुर्णीत राहायचे. चहूकडे माळ आणि डोंगर, समुद्राचा मागमूस नाही. 1971च्या युद्धात ते बंगालच्या उपसागरात 'कमोर्ता' युद्धनौकेचे कप्तान होते. वीरचक्र मिळालं. 1983 साली पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख असताना व्हाईस अ‍ॅडमिरल, म्हणजे अ‍ॅडमिरलच्या एक पायरी खाली, म्हणून निवृत्त झाले. नौदलप्रमुख झाले नाहीत, हे ऐकून काही पालक हिरमुसतात. मला मात्र त्यांची पुढची वर्षं जास्त मोठी वाटतात.

भारतीय माणसानं शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. पंचाहत्तरी उलटल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, नौदलाला पटवलंच. पाणबुड्याचं काम केलेले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी 56 फुटी 'म्हादेई' बांधली. ऑगस्ट 2009मध्ये दोंदे मुंबईहून निघाले, दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून मे 2010मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. दोंदे वाटेत चार बंदरांत थांबले होते. त्याच होडीतून 2012-13मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. मग 'तारिणी' नावाच्या होडीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी निघाल्या आणि मे 2018मध्ये गोव्यात पोचल्या. वर्गातल्या मुली याच सहा जणींबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी गेले, 91 वर्षांचे होऊन.

वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी त्यावर केप हॉर्न शोधायला लावतो. नंतर विंचुर्णी. ते नकाशात नाही, म्हणून अंदाजानं जागा ठरवून पेन्सिलीनं ठिपका द्यायचा. आता तिथे इतके ठिपके झालेत की कागद काळा पडलाय.