चांदण्यांचा तक्ता उतरवला तेव्हा

चौथीच्या वर्गात मी भिंतीवर तक्ता लावला होता. गोष्टीचं एक पुस्तक वाचलं की नावापुढे चांदणी, दहा चांदण्यांना पेन्सिल. महिनाभर वाचनपेटी भराभर रिकामी व्हायची आणि मी खूश होते. मग एका मुलीने विचारलं, "बाई, एवढ्याशा पुस्तकालाही चांदणी मिळते ना?" तेव्हा नीट पाहिलं. मुलांनी पातळ पुस्तकं तेवढी संपवली होती, जाड पुस्तकांना हातही लागला नव्हता. गोष्ट विचारली तर बऱ्याच जणांना सांगता येईना.

डी.एड.ला प्रेरणेचा धडा मी मॅस्लोच्या पिरॅमिडपुरता, म्हणजे आधी भूक-तहान भागते मग वरच्या गरजा जाग्या होतात एवढाच, पाठ केला होता. आता पुन्हा वाचायला बसले, तर लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा 1973 सालचा प्रयोग समोर आला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी बालवाडीतली मुलं. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना नंतर अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड टिकली. माझा तक्ता म्हणजे कबूल केलेलं बक्षीसच.

तक्ता उतरवला. पुढचे दोन आठवडे फार जड गेले. पेटीकडे कुणी फिरकेना. "चांदणी नाही तर वाचायचं कशाला?" हे मुलं तोंडावर विचारत होती, आणि ते मीच त्यांना शिकवलं होतं.

डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात, माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवणं, जमतंय असं वाटणं, आपुलकीचं नातं. मी त्यातल्या पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केली. पुस्तक मुलांनी निवडायचं, बसायची जागाही, आणि आवडलं नाही तर अर्ध्यावर सोडायची मुभा. वाचनाचा तास खिचडीनंतर घेतला. तिथे मॅस्लो उपयोगी पडला. सकाळी काही न खाता शाळेत येणारी मुलं वर्गात आहेतच.

एक मुलगा जोडाक्षरांना अडखळायचा, म्हणून वाचनच टाळायचा. त्याला पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला सांगितलं. सोपं पुस्तक हातात धरायची लाज उरली नाही, कारण ते लहानांसाठी होतं. आदल्या दिवशी तो घरी तीन-तीनदा वाचून यायचा. पहिलीची पोरं त्याला 'दादा, अजून एक' म्हणून अडवायची.

परवा त्याने पेटीतलं जाड पुस्तक काढलं. "बाई, सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही ना?"

"नाही," म्हटलं. मधल्या सुट्टीत तो ते घेऊन व्हरांड्यात बसला होता.