शुक्रवारी सकाळी साहेबांनी मशिनपाशी उभं राहावं

भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या अनेक वर्कशॉपना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शॉपची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला आठवड्यातून एकदाच फ्लोअरवर जायला जमत असेल, तर शुक्रवारची फर्स्ट शिफ्ट निवडावी. मशिन सुरू होतात त्या वेळी.

दिवसभर बंद असलेला सीएनसी लेथ (कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशिन) थंड असतो. स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) तापत जातात तसा साइज सरकतो. 1 मीटर पोलाद 1 अंशाला साधारण 11-12 मायक्रॉन वाढतं. म्हणजे 100 मिलिमीटरच्या जॉबला, मशिनवर घडणाऱ्या तुकड्याला, नुसत्या 10 अंशांत तेवढाच फरक पडतो, आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, 20 मायक्रॉन असेल तर निम्म्याहून जास्त तिथेच संपला. 15-20 मिनिटं वॉर्मअप दिला की बरंचसं निभावतं. पण पहिल्या तासापासूनचं टार्गेट बोर्डवर लिहिलेलं असेल, तर वॉर्मअप कोण देणार? ऑपरेटर थेट जॉब चढवतो आणि ऑफसेट मारत, म्हणजे टूलच्या मापाचा आकडा बदलत बसतो. रिपोर्टमध्ये येतं, 'साइज आउट, ऑपरेटरला समज दिली.' बोर्ड तसाच राहतो.

कूलंटचंही, म्हणजे कापताना जॉबवर सोडतात त्या पाणी-ऑइलच्या मिक्सचंही, तेच. बंद टाकीवर स्लाइडवे ऑइलचा (मशिनच्या सरकत्या भागांना घालतात त्या तेलाचा) थर साचतो, खाली हवा पोचत नाही, जंतू वाढतात आणि शुक्रवारी आंबूस वास मारतो. रिफ्रॅक्टोमीटर (मिक्समध्ये ऑइल किती ते दाखवणारं उपकरण) लावा: 6 ते 8 टक्के हवं तिथे 3 निघतं. कारण लेव्हल उतरली की ऑपरेटर नळाचं साधं पाणी ओततो. पाइप हाताशी आहे, कूलंट ऑइलचा बॅरल स्टोअरमध्ये, आणि स्टोअर उघडतं नऊला. मग जॉबवर गंज चढतो, इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) लवकर जातो. ऑफिसात गंज रिजेक्शनखाली पडतो, इन्सर्ट टूलिंगच्या खर्चात. ऑपरेटरच्या हाताला सुटणारी खाज कुठल्याच रकान्यात येत नाही, आणि मला तीच सगळ्यात गंभीर वाटते.

शॉपभर राउंड मारून यातलं काही दिसत नाही. टोयोटाची उत्पादनपद्धत उभारणारे ताइची ओनो माणसाला खडूच्या वर्तुळात उभं करून एकच जागा बघायला लावत, ते उगाच नाही. एका मशिनपाशी अर्धा तास थांबा. फाइल नको, फोन नको, मागे पाच जणांचा घोळका तर नकोच. दोन सायकलींच्या मध्ये हात काय करतात ते बघा: हुकने गुंतलेली चिप (धातूची कीस) ओढणं, गेजसाठी पलीकडच्या टेबलापर्यंत जाणं. 'कोणी केलं?' विचारलंत की तोंडं बंद. 'दादा, कसं करता, दाखवा जरा' म्हटलं की माणूस बोलतो.

हुकूम मात्र तिथल्या तिथे सोडू नका, सुपरवायझरचा शब्द उरत नाही. त्याच्याशी बाजूला बोला आणि एकच काम हाती घ्या. उदाहरणार्थ, मशिनजवळ तयार मिक्सचा कॅन. आधी पाणी, मग त्यात ऑइल, उलटं नाही. पुढच्या शुक्रवारी टाकीतला थेंब स्वतः रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून आकडा बघा.