पायऱ्यांचा प्रश्न

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.च्या, दुसऱ्या वर्षी माझे क्षेत्रकार्य एका मोठ्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात होते. आठवड्यातले दोन दिवस वॉर्डात आणि बाकीचे दिवस वर्गात असा क्रम होता. ज्या दिवसाविषयी लिहीत आहे, त्याच्या आदल्या दिवशी शल्यचिकित्सा विभागाकडून एक चिठ्ठी आली. मधुमेही रुग्ण, उजव्या पायाला गँगरीन, गुडघ्याखाली पाय काढणे आवश्यक, रुग्ण संमती देत नाही, कृपया समुपदेशन करावे, एवढाच तिचा मजकूर होता. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

‘समुपदेशन करावे’ याचा वॉर्डातला अर्थ ‘समजूत घालून सही आणावी’ असा असतो, हे मला तोवर कळून चुकले होते, आणि त्या वेळी तो अर्थ मला मान्यही होता. डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे नव्हते. संसर्ग वर सरकत होता. आज गुडघा वाचवता येत होता, उशीर झाला असता तर कदाचित मांडीतून पाय काढावा लागला असता. गुडघा शाबूत असेल तर कृत्रिम पायावर चालायला पुष्कळ कमी शक्ती लागते, म्हणून शल्यचिकित्सक त्या सांध्यासाठी एवढी घाई करत होते.

रुग्ण साठीच्या आसपासचे गृहस्थ होते. पाऊण तास मी त्यांच्याशी बोलले. आजार, शस्त्रक्रिया, कृत्रिम पाय, व्यायाम, सगळे समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, ‘बघतो, ताई’ म्हणाले, आणि आपण रुग्णाला बऱ्यापैकी वळवले आहे अशा समाधानात मी परत आले. त्या रात्री जागून रेकॉर्डिंग लिहिले.

समाजकार्याच्या विद्यार्थ्याला हे रेकॉर्डिंग म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. मुलाखतीत कोण काय म्हणाले, हे आठवून शक्य तितके जसेच्या तसे लिहायचे. शेजारच्या रकान्यात त्या क्षणी आपल्याला काय वाटले आणि आपण काय अर्थ लावला ते लिहायचे. तिसरा रकाना पर्यवेक्षकांच्या शेऱ्यासाठी मोकळा ठेवायचा. वर्गातल्या बहुतेकांना हे काम जाचक वाटते, मलाही वाटत असे, कारण एका मुलाखतीला सात-आठ पाने सहज लागतात आणि लिहून हात भरून येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची आय.सी. होती, म्हणजे पर्यवेक्षकांसोबतची वैयक्तिक बैठक. मॅडमनी माझी पाने आधीच वाचली होती. त्यांनी विचारले, “तुझी वाक्ये किती आणि त्यांची किती, मोजलीस का?” मी मोजली नव्हती, त्यांनी मोजली होती. माझी ३४ आणि रुग्णाची ११. पण मला हलवून गेले ते हे आकडे नव्हेत. त्या ११ वाक्यांपैकी तीन वाक्यांखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती.

पहिल्या पानावर काका म्हणाले होते, “घरी जिना आहे. चढता येईल का?” त्यावर मी म्हटले होते की कृत्रिम पाय लावून कितीतरी लोक जिने चढतात. तिसऱ्या पानावर त्यांनी विचारले होते, “तो पाय ओझं पेलतो का?” त्यावर मी, आता हलके काम बघता येईल, असे सांगून त्यांना धीर दिला होता. पाचव्या पानावर, “पायऱ्यांचं किती महिन्यांनी जमेल?” आणि त्याखाली माझे उत्तर : “काका, तुम्ही आधी मनाची तयारी करा.” शेजारच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहून ठेवले होते : ‘रुग्णाला रोजगाराची चिंता वाटते.’ मॅडमनी त्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह काढले होते आणि विचारले होते, “हे त्यांनी सांगितलं, की तू ठरवलंस?”

समाजकार्याचे अमेरिकी प्राध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची, म्हणजे एकेका माणसाला मदत करण्याच्या कामाची, सात तत्त्वे मी परीक्षेत क्रमाने लिहिली होती. अशिलाच्या, म्हणजे मदत घेणाऱ्या माणसाच्या, स्वयंनिर्णयाचे तत्त्व त्यांत आहे, प्रत्येक माणसाचे वेगळेपण ओळखण्याचे आहे, आणि माणसाला आपल्या भावना मोकळेपणाने बोलून दाखवता याव्यात हेही आहे. ही सगळी तत्त्वे मला पाठ होती, आणि एका माणसाने तीन वेळा विचारलेला एकच प्रश्न मला ऐकू आला नव्हता. तो निदान कागदावर उतरला, कारण शब्द जसेच्या तसे लिहायची शिस्त होती. मी सारांश लिहिला असता तर ‘रुग्णाशी चर्चा केली, रुग्ण सकारात्मक’ एवढेच उरले असते आणि तो जिना कायमचा नाहीसा झाला असता.

मी वॉर्डात परत गेले. आदल्या दिवशी फाईल हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, आज स्टूल ओढून उशाशी बसले. म्हटले, “काका, काल तुम्ही तीनदा पायऱ्यांबद्दल विचारलंत आणि मी एकदाही नीट उत्तर दिलं नाही. कुठला जिना आहे?”

ते बराच वेळ बोलले नाहीत. ती शांतता भरून काढायची मला फार घाई होत होती. ती न भरणे हेच त्या दिवशी मला सर्वांत अवघड गेले. मग ते छताकडे बघत म्हणाले, “दुसरा मजला. बत्तीस पायऱ्या. मुलगा माझ्या पाठीवर असतो.”

मुलगा २४ वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, उभे राहता येत नाही, बोलणे सावकाश आणि अडखळत. आई काही वर्षांपूर्वी गेली. सकाळी काका त्याला पाठीवर घेऊन खाली उतरवत, जिन्याखाली ठेवलेल्या चाकाच्या खुर्चीत बसवत, डे-केअर केंद्रात पोहोचवत, आणि संध्याकाळी तसेच वर आणत. पाय गेला की हे थांबणार, आणि मग लोक त्याला उचलून कुठल्यातरी संस्थेत टाकतील, ही त्यांची भीती होती. ते शस्त्रक्रियेला भीत नव्हते. ‘असहकार करणारा रुग्ण’ असा शेरा ज्यांच्या केस पेपरवर पडला होता, ते दोन माणसांचा हिशेब करत होते आणि त्या हिशेबात हवा असलेला एक आकडा त्यांना कोणीही सांगत नव्हते.

तो आकडा मिळवणे हे माझे पहिले काम ठरले. मी भौतिकोपचार तज्ज्ञांना (फिजिओथेरपिस्टना) काकांच्या पलंगापाशी घेऊन आले आणि काकांनी स्वतः प्रश्न विचारला. उत्तर सरळ मिळाले : जखम भरून कृत्रिम पाय बसेपर्यंत काही महिने लागतील, पुढे सरावाने जिना चढता येऊ शकेल, पण मोठ्या माणसाला पाठीवर घेऊन चढण्यावर विसंबून राहू नका. मला वाटले होते की हे ऐकून ते कोसळतील. त्यांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, “हे आधीच सांगायचं ना.”

डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजकार्यकर्ते नेमले, ते उपचारानंतर रुग्ण कोणत्या परिस्थितीत परत जातो हे दवाखान्यात बसून दिसत नाही म्हणून. हा इतिहास आम्हाला पहिल्या वर्षी होता. त्याचा अर्थ मला त्या स्टुलावर बसून कळला.

शल्यचिकित्सकांनी रात्रीपर्यंतचा वेळ दिला. माझ्या मनात सारखे येत होते की हे सगळे ऐकूनही काकांनी नकार दिला तर? विचार करण्याची क्षमता शाबूत असलेल्या माणसाचा नकार मानावा लागतो, हे वर्गात बोलणे सोपे असते. समोर काळे पडलेले बोट दिसत असताना ते तत्त्व धरून ठेवताना पोटात गोळा येतो. मॅडमना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “नकार दिला तरी तुला त्यांच्याकडे जायचंच आहे. तेवढ्यानं तुझं काम संपत नाही.”

आम्ही इकोमॅप काढला. अ‍ॅन हार्टमन या समाजकार्याच्या अमेरिकी प्राध्यापिकेने १९७५ मध्ये विकसित केलेली ही साधी आकृती आहे : मधल्या वर्तुळात कुटुंब, भोवती संबंधित माणसे आणि संस्था, घट्ट नात्याला जाड रेघ, ताणलेल्या नात्याला नागमोडी. शेजारीण, डे-केअर केंद्र, धाकटा भाऊ अशी वर्तुळे झाली. भावाकडे जाणारी रेघ मी नागमोडी काढली, तेव्हा काकांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि शेजारणीची रेघ गिरवून गिरवून इतकी जाड केली की कागद फाटायच्या बेतात आला. गेले सहा दिवस मुलगा तिच्याकडेच होता.

शस्त्रक्रियेबद्दल मुलाला काही ठाऊक आहे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “त्याला काय सांगायचं?” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “बोलवा त्याला.”

संध्याकाळी पाचच्या सुमारास शेजारीण आणि तिचा मुलगा त्याला घेऊन आले. दोघांनी मिळून त्याला खुर्चीसकट त्या बत्तीस पायऱ्या उतरवून आणले होते. काकांनी हे दोनदा विचारून घेतले : खुर्चीसकट? मग त्यांनी मुलाला पायाचे सगळे सांगितले, पांघरूण बाजूला करून दाखवलेही. मुलगा बघत राहिला. त्याला एकेक शब्द जुळवायला वेळ लागत होता आणि आम्ही सगळे थांबलो होतो. तो म्हणाला, “खालची... खोली... घेऊ.”

काकांनी तोंड भिंतीकडे वळवले. नंतर शेजारणीने मला सांगितले की हे तो आई गेल्यापासून म्हणत आला होता. घरात आईचा वावर होता म्हणून काका ते मनावर घेत नव्हते. त्यांना जिना चढायचा होता, आणि मुलाला तो कधीच नको होता. एवढी वर्षे त्याचे मत कोणी विचारले नव्हते.

रात्री पावणेदहाला काकांनी संमतीपत्रावर सही केली. आधी फॉर्म वाचून दाखवायला सांगितला आणि ‘गुडघ्याखाली’ हा शब्द नीट लिहिला आहे ना, याची खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली, गुडघा वाचला. खोली मिळेपर्यंत मुलाला केंद्रात नेण्या-आणण्याची सोय लावण्यात माझे पुढचे कित्येक दिवस गेले. त्यात काही नाट्यमय नव्हते, फोन, पत्रे आणि पुन्हा फोन एवढेच होते.

त्या संध्याकाळचे रेकॉर्डिंग नऊ पाने झाले. मॅडमनी ते परत दिले, तेव्हा तिसरा रकाना जवळजवळ कोरा होता. पाचव्या पानावर मात्र एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती, आणि ते वाक्य माझे होते. मुलगा खुर्चीत समोर बसलेला असताना मी काकांना विचारले होते, “त्याला समजेल ना?”

पुढची आय.सी. त्या ओळीपासून सुरू झाली.